सेन्सर म्हणतो लीन, डोळ्यांत मात्र पाणी

नवा कॅम, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, बसवायला मला दोन शनिवार-रविवार लागले. इंजिन नीट चालायला पुढचे सात आठवडे.

पिकअप ट्रक, ५.३ लिटरचं व्ही-८ पेट्रोल इंजिन. व्हॉल्व्ह किती वेळ उघडे राहतात ते क्रँकच्या अंशांत मोजतात; नवा कॅम ०.०५० इंच लिफ्टला इनटेक २१८ आणि एक्झॉस्ट २२४ अंश. मूळ कॅम १९०च्या आसपास होता. व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे राहतात, आणि दोन्ही एकाच वेळी उघडे असण्याचा काळ, म्हणजे ओव्हरलॅप, तोही वाढतो. (व्हॉल्व्ह स्प्रिंगा सोबतच बदलल्या. तिथे कंजुषी नको.)

पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा तो अडखळता, गुरगुरता आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करत होतो. रेकॉर्डिंग दीड मिनिटाचं आहे, कारण तेवढ्यात इंजिन बंद पडलं.

कॅम बदलल्याचं ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, कुणी सांगितलेलंच नसतं. आधी आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनाकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत, ३५ किलोपास्कल दाब असायचा, आता ५५. हवा ओढण्याची ताकदच मंदावली आहे. पण ईसीयूच्या टेबलात ५५ म्हणजे लोड आलेलं इंजिन, त्यामुळे तो पेट्रोल आणि टायमिंग (ठिणगी कधी पाडायची ते) तिथलं उचलतो. उभ्या गाडीला चढावरचा खुराक!

मी लॅपटॉप लावला. लॉगमध्ये एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरनुसार आयडलला मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी, दिसत होतं; फ्यूएल ट्रिम, म्हणजे ईसीयू स्वतःहून करतो ती पेट्रोलची दुरुस्ती, अधिक २० टक्क्यांवर. म्हटलं, सोपं आहे, टेबलात पेट्रोल वाढवू. वाढवलं. तरी लीनच. आणखी वाढवलं. दोन आठवडे हेच चाललं होतं. शेवटी गाडीमागे उभं राहिलं की डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि प्लग काढले तर काजळीने काळेकुट्ट. इतकं रिच, म्हणजे पेट्रोल जास्त झालेलं इंजिन, आणि सेन्सर मात्र लीन लीन म्हणून ओरडतोय.

गोम ओव्हरलॅपमध्ये होती. कमी आरपीएमला जळालेला वायू थोडा इनटेककडे परत येतो, ज्वलन अर्धवट होतं, आणि न वापरलेला ऑक्सिजन तसाच एक्झॉस्टमध्ये जातो. सेन्सर ऑक्सिजन मोजतो, पेट्रोल नव्हे. खोटं तो बोलत नव्हता. मीच त्याला भलता प्रश्न विचारत होतो.

मग आयडलपुरतं क्लोज्ड लूप, म्हणजे सेन्सर बघून पेट्रोल बदलणं, बंद केलं आणि कार्ब्युरेटरवाल्यांची जुनी युक्ती वापरली: पेट्रोल थोडंथोडं कमी करत जायचं आणि मॅनिफोल्डचा दाब बघायचा. दाब सर्वांत खाली येतो तिथे इंजिन खूश. माझं ५५ वरून ५१ झालं, आणि डोळ्यांचं पाणी थांबलं.

तरी सिग्नलला ब्रेक मारून थांबलो की बंद पडायचं. हे पेट्रोलचं दुखणं नव्हतं, हवेचं होतं. आयडलसाठीचा हवेचा आकडा वाढवला, आरपीएम ६०० वरून ८०० केले. टायमिंग १८ वरून २३ अंशांवर नेलं, कारण जळालेल्या वायूने पातळ झालेलं मिश्रण सावकाश जळतं, त्याला ठिणगी लवकर द्यावी लागते. एका वेळी एकच आकडा बदलायचा, हे मी तीनदा मोडलं आणि तीनदा मागे आलो.

फुल थ्रॉटलचं काम त्या मानाने किरकोळ. तिथे ओव्हरलॅपचा घोळ उरत नाही, वाइडबँडवर (मिश्रणाचा नेमका आकडा सांगणारा ऑक्सिजन सेन्सर) विश्वास ठेवता येतो. एक भाग पेट्रोलला १२.८ भाग हवा असं मिश्रण ठेवलं, टायमिंग एकेक अंशाने वाढवलं, नॉक (मिश्रण आपोआप भडकून होणारी ठोक) दिसला तिथून दोन अंश मागे. एका दुपारचं काम.

४,००० च्या वर इंजिन आता भन्नाट पळतं. २,००० च्या खाली मात्र ट्रेलर ओढताना पूर्वीचा दम नाही. ट्रकसाठी हा कॅम जरा मोठाच घेतला मी, २१०चा पुरला असता. आणि एसीचा कॉम्प्रेसर लागला की आयडल अजून एकदा दचकतं. त्याचा लॉग काल रात्री काढलाय, अजून उघडलेला नाही.