सायबर युद्ध कधी पेटेल, असे तुम्ही विचारलेत म्हणून

वीजकेंद्रे आणि कारखाने यांच्या नियंत्रण यंत्रणा सुरक्षित ठेवण्याचे काम मी करतो हे कळले, की समोरचा माणूस हमखास विचारतो, ‘देशादेशांत सायबर युद्ध खरेच पेटेल का, आणि पेटलेच तर कधी?’ या ‘कधी’चे उत्तर मला देता येत नाही, कारण अशा हल्ल्यात आत शिरणे आणि घाव घालणे यांत महिने, प्रसंगी वर्षे जातात.

२३ डिसेंबर २०१५ रोजी पश्चिम युक्रेनमधील एका वीज वितरण कंपनीच्या नियंत्रण कक्षात कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा माउसचा बाण आपोआप सरकू लागला आणि एकामागून एक उपकेंद्रांचे ब्रेकर (वीजप्रवाह तोडणारे स्विच) पाडत गेला. घुसखोर ईमेलसोबतच्या फाइलमधून काही महिने आधीच आत शिरले होते आणि लागणारे पासवर्ड त्यांनी निवांतपणे गोळा केले होते. त्या दिवशी तीन कंपन्यांचे मिळून सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. तक्रारी पोहोचू नयेत म्हणून कॉल सेंटरवर खोट्या फोनचा मारा झाला आणि उपकेंद्रांशी संपर्क ठेवणाऱ्या उपकरणांचे फर्मवेअर, म्हणजे ती चालवणारे अंगभूत सॉफ्टवेअरही निकामी करण्यात आले. तरीही काही तासांत वीज परत आली, ती माणसांनी उपकेंद्रांवर जाऊन ब्रेकर हाताने चालू केले म्हणून. सगळे काही स्वयंचलित करून हाताने चालवण्याची सोयच काढून टाकलेल्या जाळ्यात हे जमले असते, असे मला वाटत नाही. (खर्चकपातीच्या बैठकीत नेमक्या याच सोयीवर पहिली कुऱ्हाड पडते, ही गोष्ट निराळी.)

इराणमधील नतान्झ येथील अणुकेंद्रातले सेंट्रिफ्यूज (युरेनियम समृद्ध करणारी यंत्रे) बिघडवणारा स्टक्सनेट हा घातक प्रोग्राम २०१० मध्ये उघडकीस आला, तेव्हा असे अस्त्र ठरलेल्या लक्ष्यापुरतेच वापरता येते असा समज झाला होता. जून २०१७ मधील नॉटपेट्या या दुसऱ्या घातक प्रोग्रामने तो समज मोडला. युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो पसरला आणि मर्स्क ही जहाज कंपनी व मर्क ही औषध कंपनी, असे लढाईशी काडीचाही संबंध नसलेले उद्योग त्याने ठप्प केले. एकूण नुकसान अमेरिकी सरकारच्या अंदाजाने १० अब्ज डॉलरच्या घरात होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिका व ब्रिटन यांनी रशियाच्या लष्कराचे नाव घेतले आणि रशियाने ते नाकारले. मर्कच्या विमा कंपन्यांनी ही युद्धसदृश कृती असल्याचे सांगून भरपाई देण्यास नकार दिला, पण न्यू जर्सीच्या अपील न्यायालयाने २०२३ मध्ये तो युक्तिवाद फेटाळला. म्हणजे सरकारांच्या लेखी जो लष्करी हल्ला होता, तो विम्याच्या करारापुरता युद्धात मोडला नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकी यंत्रणांनी जाहीर केले, की चीनशी संबंधित व्होल्ट टायफून हा गट काही पायाभूत सेवांच्या जाळ्यांत निदान पाच वर्षे तळ ठोकून होता. चीनने हा आरोप नाकारला आहे. या गटाची जी पद्धत सांगण्यात आली, तीत संगणकात मुळातच असलेली साधने आणि खऱ्या कर्मचाऱ्यांची खाती वापरली जातात, त्यामुळे अँटीव्हायरसला संशय येण्यासारखे फारसे काही उरत नाही. म्हणून लॉग (यंत्रणेत कोणी, केव्हा, काय केले याच्या नोंदी) तपासताना मी अनोळखी प्रोग्रामपेक्षा ओळखीच्या नावांवर अधिक वेळ घालवतो: रजेवर असलेल्या अभियंत्याच्या खात्यातून पहाटे झालेले एखादे लॉगिन, आणि त्यानंतर कोणीच न मागवलेली उपकेंद्रांची यादी.