ओट्यावरचा रेग्युलेटर

मालवणहून आल्यापासून माझा स्कूबा डायव्हिंगचा रेग्युलेटर, पाण्याखाली सिलिंडरमधली हवा श्वासाला देणारा, सारखा फुसफुसत होता. सिलिंडर उघडला की आई आतून ओरडायची, "कुकर बघ रे!"

मला वाटलं सेकंड स्टेज, म्हणजे तोंडात धरायचा भाग, बिघडली. पण नळीला दाब मोजायचा गेज लावला तर काटा 9.5 बारवर थांबायचं सोडून हळूहळू 11 च्या पुढं सरकला. म्हणजे दुखणं फर्स्ट स्टेजचं, सिलिंडरवर बसणाऱ्या भागाचं. सिलिंडरमधला 200 बारचा दाब तीच उतरवते. ती झिरपली की जादा दाब पुढचा व्हॉल्व्ह ढकलून उघडतो.

ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारं रबरी कडं, लोखंडी सुईनं काढायची नाही, खाचेत ओरखडा पडला की संपलं. उद्यमनगरातल्या लेथवाल्या मामांकडून पितळी टोच्या करून घेतला. "रंकाळ्यात बुडायला एवढं लागतंय व्हय?" म्हणाले. पैसे घेतले नाहीत.

सीट, म्हणजे फर्स्ट स्टेजचा व्हॉल्व्ह जिच्यावर बंद होतो ती चकती, उजेडात धरली तर मधोमध नखाला लागेल अशी गोल खाच. एवढ्याशा प्लास्टिकनं आठवडा खाल्ला! पितळी भाग पातळ व्हिनेगरमध्ये पाच मिनिटं ठेवले, साध्या पाण्यानं धुतले. नवी सीट, नव्या ओ-रिंगा, किंचित सिलिकॉन ग्रीस.

काटा 9.5 वर आला आणि थांबला. अर्धा तास बघत बसलो, चहा गार झाला. पहिली डाइव्ह मात्र पाच मीटरच्या खाली नाही.