साइझिंग डाय, पुन्हा पहिल्यापासून

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की .३०८ विंचेस्टर या रायफलच्या काडतुसाची साइझिंग डाय (उडवलेली पितळी केस, म्हणजे काडतुसाचं कवच, पुन्हा भरण्याआधी दाबून मापात आणणारा साचा) एकदाची बसली. नव्हती बसली.

डायसोबतच्या कागदाबरहुकूम प्रेसचा रॅम (केस वर नेणारा दांडा) वर घेऊन डाय शेल होल्डरला (केसचं बूड धरणाऱ्या तुकड्याला) टेकवली आणि आणखी पाव फेरा खाली दिला होता. केसेस रायफलच्या चेंबरमध्ये अलगद जायच्या, म्हणून मी खूश. परवा चार वेळा भरलेल्या केसेस पुसताना बुडाच्या जरा वर एक फिकट, चकचकीत कडं दिसलं. पेपरक्लिपचं टोक वाकवून आतून फिरवलं, तर नेमकं तिथेच खट्‌कन अडकलं. पितळ ताणून पातळ झालेलं. तो अख्खा गठ्ठा पक्कडीने चेपून भंगारात टाकला.

कारण मोजल्यावर कळलं. उडवलेल्या केसचा प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) काढून (फुगलेला प्रायमर माप बिघडवतो) बुडापासून खांद्यापर्यंतचं (केस मानेकडे निमुळती होते तिथपर्यंतचं) माप घेतलं: १.६३१ इंच. डायमधून काढल्यावर १.६२३. खांदा आठ थाऊ (इंचाचे हजारावे भाग) मागे! दर वेळी गोळी उडताना तेवढंच पितळ पुन्हा पुढे ताणलं जायचं. बोल्ट रायफलला दोन थाऊ पुरतात.

मग डाय अर्धा फेरा वर घेतली. माप १.६३३, म्हणजे उडवलेल्या केसपेक्षाही लांब. कॅलिपर बिघडला असं वाटून तीनदा शून्य केला. पण बरोबर होतं ते: डाय आधी अंग दाबते, आणि दाबलेलं पितळ खांद्याला पुढे ढकलतं. खांदा डायला टेकेपर्यंत केस वाढतच राहते. बोल्टही जड बंद झाला.

इथून पुढे सगळं हाताचं काम. डायचे आटे इंचाला १४, म्हणजे एका फेऱ्याला साधारण ७१ थाऊ, दहा अंशांना दोन. डायवर मार्करने रेघ मारली आणि केसाएवढं (डोक्यावरच्या!) खाली सरकवत गेलो. १.६३२, १.६३०, शेवटी १.६२९. लागोपाठ पाच केसेस अर्ध्या थाऊच्या आत. त्याआधी एक १.६३१ निघाली होती. तिला वंगण कमी पडलं होतं, एक्स्पांडर (मान आतून रुंद करणारा डायमधला गोळा) मानेतून निघताना करकरला आणि खांदा ओढून घेऊन गेला. आता मानेच्या आतही वंगणाचा ब्रश फिरवतो.

डाय जागेवर धरणाऱ्या लॉक रिंगच्या स्क्रूखाली शिशाचा एक छर्रा ठेवलाय, आटे चेपू नयेत म्हणून. सीटिंग डायला (केसमध्ये गोळी बसवणाऱ्या) हात लावलेला नाही. क्रिंप (केसचं तोंड गोळीवर आवळणं) नको असल्याने ती होल्डरपासून एक फेरा वरच राहील.