रडीचा डाव

दुपारी तीनच्या सुमाराला कॉलेज रोडवरच्या कुठल्याही टपरीपाशी बघा. चार पोरं, चार मोबाइल, एकच ऑनलाइन गेम, माना खाली. हरायला लागला की मधेच एक जण "मरू दे च्यायला" म्हणतो, अंगठ्यानं ॲप उडवतो आणि कटिंग मागवतो. उरलेले तिघं भडकतात. उत्तर ठरलेलं असतं: "नेट गेलं रे."

पूर्वी "रडीचा डाव खडी" म्हणून गल्ली डोक्यावर घेता यायची. आता ते काम सर्व्हर, म्हणजे गेम चालवणारा कंपनीचा संगणक, करतो, तेही तोंडातून अवाक्षर न काढता. काउंटर-स्ट्राइक या बंदुकबाजीच्या गेममधला रँकिंगचा सामना अर्धवट टाकला की 30 मिनिटं बाहेर बसायचं. पुन्हा केलं तर 2 तास, मग 24 तास, मग थेट 7 दिवस. डोटा 2 हा पाच-पाच जणांच्या संघांचा गेम पाच मिनिटं वाट बघतो. त्यात परतला नाहीत की पळपुटे म्हणून नोंद. असं वारंवार झालं की इतर पळपुट्यांबरोबरच खेळायचं, नेमून दिलेले डाव जिंकेपर्यंत सुटका नाही. ही शिक्षा मला फार आवडते.

हरताना फ्लाइट मोड टाकला की हार लागत नाही, अशी एक भाबडी समजूत आहे. डाव आपल्या फोनमध्ये नसतोच, तो सर्व्हरवर चालू असतो. आपण फक्त खिडकी बंद करतो. मिनी मिलिशिया हा गोळीबाराचा मोबाइल गेम एकाच्या फोनच्या हॉटस्पॉटवर खेळायचे तेव्हा गोष्ट वेगळी होती. ज्याच्या फोनवर डाव उघडलेला, तो रुसून उठला की सगळ्यांचाच खेळ बंद. ज्याची बॅट तो घरी गेला, तसंच. म्हणून हॉटस्पॉट कधीही चिडक्या बिब्ब्याकडे द्यायचा नाही, एवढी अक्कल हॉस्टेलच्या पोरांना लवकर यायची.

एकास एक खेळात उठून जाणं मला तितकंसं खुपत नाही. पाचांच्या संघातून उठणं मात्र वाईट. समोरच्याला फुकटचा विजय मिळतो, पण मागे राहिलेल्या चौघांना अर्धा तास मार खात बसावं लागतं, कारण काही खेळांत तेही उठले तर शिक्षा त्यांनाही.

आणि सगळ्यांत डोक्यात जाणारा प्रकार बुद्धिबळात सापडतो. दहा मिनिटांचा डाव, पुढच्या चालीला मात अटळ, आणि समोरच्याच्या घड्याळात 6:12. तो चाल करत नाही. झेंड्याचं बटण दाबून हार मानत नाही. 6:11, 6:10... टॅब बंद केला असता तर लिचेस या बुद्धिबळाच्या साइटनं थोड्या वेळात 'विजय घ्या' असं तरी विचारलं असतं. हा पठ्ठ्या टॅब उघडा ठेवून बसतो, म्हणजे आपणही बसायचं.

हे सगळं कशासाठी? फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या पद्धतीत बऱ्याच खेळाडूंचा गुणक, म्हणजे एका डावात रेटिंग जास्तीत जास्त किती हलेल तो आकडा, 20 असतो. बरोबरीच्या माणसाकडून हरलं तर रेटिंगमधले 10 गुण जातात, 200 गुणांनी खालच्याकडून हरलं तर साधारण 15. बास. आपल्या नाशिकचा बुद्धिबळपटू विदित गुजराथी 2023 च्या ग्रँड स्विस या मोठ्या स्पर्धेत पहिलीच फेरी हरला आणि 11 फेऱ्यांत साडेआठ गुण करून ती जिंकला. टपरीवरच्या पोराला हे सांगून बघा, तो म्हणेल, "त्याला काय, त्याचा टीममेट नूब, म्हणजे कच्चा भिडू, नव्हता."

तीन डाव ओळीनं गेले की चौथा लावू नये, एवढाच खरा उपाय. चिडका माणूस सामना सोडतो आणि दुसऱ्या मिनिटाला नवीन सामना लावतो. तोच राग, तेच तापलेले अंगठे, तोही सोडतो.

पण ज्यांची लाइट खरंच जाते त्यांचं काय? जूनमधला पहिला वळवाचा सडाका आला की नाशिकच्या सिडको-सातपूरला दिवे मिणमिणतात, राउटर बसतो आणि सर्व्हरच्या लेखी तुम्हीही पळपुटे. त्याला राग आणि पाऊस यांतला फरक कळत नाही. राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर राउटर चालू ठेवणारी बॅटरीची डबी, मिळतो, तो लावून टाकावा. बरेचसे राउटर 12 व्होल्टचे असतात. मात्र अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचूनच घ्या. 9 व्होल्टच्या राउटरला 12 चा लावलात तर तो जळायचा, आणि मग "नेट गेलं" हे एकदाचं खरं ठरेल.