काय लिहू अक्का, विषय द्या की

महिन्याच्या पहिल्या शनिवारी हे वाक्य मी सात-आठ वेळा तरी ऐकते. माझं कॉलेज संपून चार वर्षं झाली, नोकरी बेळगावातच आहे, आणि आमच्या कॉलेजच्या पोरांचा चार पानी पेपर निघतो त्याला शनिवारी हात लावायला जाते. दीडशे प्रती निघतात, झेरॉक्सवरच, त्या कॅन्टीनमध्ये, लायब्ररीत आणि बसस्टॉपजवळच्या चहाच्या गाड्यावर ठेवतो. लिहिणाऱ्याला पैसे नाहीत, मार्क नाहीत, हजेरी पण लागत नाही, तरी पोरं येतात, कोण खानापूरहून, कोण येळ्ळूरहून, कोण पार निपाणीहून येऊन इथं हॉस्टेलवर राहिलेलं. आणि येऊन बसली की, काय लिहू अक्का, काय सुचंनाच झालंय.

पहिलं वर्षभर मी विषय देत होते. फळ्यावर यादी काढायची, मोबाईलचे दुष्परिणाम, प्लास्टिकमुक्ती, मातृभाषेचं महत्त्व, ज्याला जो पाहिजे तो घ्या. दहा लेख यायचे आणि दहाच्या दहा सारखेच, आजच्या धावपळीच्या युगात असं सुरू होऊन काळाची गरज आहे असं संपणारे. पोरं आळशी नव्हती हो, मी कामच असं दिलेलं की ते करायला कॉट सोडून उठायची गरज पडत नव्हती. हे कळायला मला वर्ष लागलं आणि तेवढ्यात चांगली लिहिणारी तीन पोरं सोडून गेली, त्याचं अजून वाईट वाटतं.

आता मी एवढंच विचारते, या आठवड्यात तुला कशाचं नवल वाटलं, आणि त्याबद्दल विचारायला तू कोणाकडे जाशील. दुसरं उत्तर जास्त महत्त्वाचं. माणूस ठरला नसेल तर तो अजून नुसता विषयच आहे, बातमी नाही.

उदाहरण सांगते. दोन मैत्रिणी एका बेंचवर बसणाऱ्या, एक उचगावची, एक शिनोळीची. रस्ता एकच, वेंगुर्ला रोड, पण उचगाव कर्नाटकात आणि शिनोळी चंदगड तालुक्यात म्हणजे महाराष्ट्रात. उचगावची म्हणाली, अक्का मी बसच्या समस्यांवर लिहितो. (आमच्याकडे मुली पण लिहितो, जातो असंच बोलतात, ते मी लेखात सुद्धा बदलत नाही.) म्हटलं समस्या राहू दे, काल बसमध्ये काय झालं ते सांग. तर म्हणते काय होणार, कंडक्टरनं मला झिरो तिकीट दिलं आणि हिच्याकडनं पैसे घेतले, रोजच घेतो, त्यात काय.

हे 'त्यात काय' ऐकलं की मी लगेच वही उघडते. कर्नाटकात 11 जून 2023 पासून शक्ती योजना सुरू झाली, राज्यात राहणाऱ्या बायकांना सरकारी साध्या बसमध्ये प्रवास फुकट, फक्त इथला पत्ता असलेलं कार्ड दाखवायचं. महाराष्ट्रात त्याच वर्षी मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट. म्हणजे या दोघी कर्नाटकच्या एकाच बसमधून एकाच वर्गात येतात आणि एकीच्या आधार कार्डावर महाराष्ट्र आहे म्हणून तिचे पैसे जातात. मग प्रश्न आपोआप निघत गेले. शिनोळीवालीचे महिन्याला किती जातात, घरात त्यावरून काय बोलणं होतं. फुकट आहे तर मग तिकीट फाडतातच कशाला, हे कंडक्टरलाच विचारलं, तर ते म्हणाले अगं त्या तिकिटांच्या हिशेबावरच सरकारकडनं महामंडळाला पैसे मिळतात, म्हणून तिकीट घेतल्याशिवाय उतरायचं नाही. आणि एक आज्जी भेटली, भाजी घेऊन बाजाराला येणारी, ती म्हणाली आधी आठवड्यातनं दोनदाच येत होतो, आता रोज येतो. अर्धं पान झालं आणि त्या अंकाच्या सगळ्या प्रती दुपारच्या आत संपल्या. दोघींनी मिळून लिहिलेलं, दोघींची नावं घातली.

एक मात्र सांगते, फुकट लिहिणाऱ्या पोराला त्याच्या वाटेबाहेरची बातमी देऊ नये. त्याला शेवटची बस पकडायची असते, जुलैत रोप लावणीला घरी हात लागतात म्हणून तो आठ-दहा दिवस येतच नाही. तो नाही म्हणून चिडण्यापेक्षा त्या आठ दिवसांचंच लिही म्हणायचं. चिखलात उभं राहून किती वाफे लावले, बाहेरगावच्या बायका कामाला आल्या का, त्यांना रोज किती दिला. बेळगावच्या पश्चिम भागातल्या पोरांकडं नवरात्राच्या सुमाराला रताळ्याची काढणी असते, लांबलांबच्या लोकांच्या उपवासाचं रताळं आपल्या शेतातनं जातंय आणि पोराला वाटतं घरात लिहिण्यासारखं काही नाही.

सीमाप्रश्नावर लिहायचं असतं सगळ्यांनाच, विशेषतः 1 नोव्हेंबर, कर्नाटकाचा राज्योत्सव आणि इथल्या मराठी लोकांचा काळा दिवस, जवळ आला की. लिहावंच, माझं काहीच म्हणणं नाही, आमच्या घरातही तेच बोलणं ऐकत मी वाढले. पण 1956 ला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, कसं गेलं आणि त्यावरून 2004 ला महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला हे आमच्या भागातल्या शेंबड्या पोराला पण पाठ असतं, त्यात आमच्या चार पानांनी नवीन काय घालायचं. मी म्हणते तुझ्या गावात पंचायतीतनं कन्नडमध्ये कागद आला की तो वाचून कोण दाखवतं, त्याच्याकडं जा. प्रत्येक गावात असा एकजण असतोच, बहुतेक कन्नड माध्यमात शिकलेला किंवा हुबळीकडं नोकरी केलेला, संध्याकाळी लोक उतारे, नोटिसा, बँकेची पत्रं घेऊन त्याच्या कट्ट्यावर येतात. एका मुलानं असा माणूस गाठला आणि तीन संध्याकाळी नुसता शेजारी बसून राहिला. त्या लेखात एकही घोषणा नाही आणि सीमाभागात राहणं म्हणजे काय ते त्याच्याइतकं मी दुसरीकडं क्वचितच वाचलंय.

याच कारणासाठी मी दोघादोघांना जोडून पाठवते, एक कन्नड नीट बोलणारा आणि एक मराठी लिहिणारा. सरकारी ऑफिसात काम पटकन होतं ते आहेच, पण खरं म्हणजे दोघांना वेगवेगळ्या गोष्टी दिसतात. कन्नड मित्राला बोर्डावरची ओळ दिसते, मराठी पोराला तिथं चुकून उभी राहिलेली म्हातारी.

आता एक चूक, जी मी विसरू शकत नाही. निपाणीकडची एक मुलगी, तिची आई घरी बिड्या वळते. तिला सांगितलं आईबद्दल लिही, आणि तिनं फार सुंदर लिहिलं, हजार बिड्यांमागं किती मजुरी, नापास म्हणून किती बाजूला काढतात, पानं भिजवायची वेळ कोणती, सगळं. आजोबा 1981 च्या तंबाखू शेतकऱ्यांच्या आंदोलनात हायवेवर बसलेले, ते पण त्यात आलं. मी आनंदात नावासकट छापलं. कोणीतरी त्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरवला, तो ठेकेदारापर्यंत गेला आणि आईला दोन आठवडे माल दिला नाही. दोन आठवडे चूल कशावर चालली असेल. दीडशे प्रतींचा पेपर आहे, कोण वाचतंय, असं मी समजत होते. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली, आईनं चहा दिला आणि म्हणाली, लिहिलेलं खरंच होतं की. तेव्हापासून नियम एकच, ज्याचं पोट त्या बातमीत आहे त्याला छापायच्या आधी वाचून दाखवायचं, नाव घालायचं की नाही ते त्यानं ठरवायचं.

काही बातम्यांना माणसाच्या आधी कागद लागतो, तिथं माहिती अधिकार शिकवते. 2005 चा कायदा, अर्जाला 10 रुपये, उत्तराला 30 दिवस, आणि कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर, 150 शब्दांच्या आत पाहिजे. ही शब्दांची अट लोकांना जाचक वाटते पण नवीन पोरांना तिचा फायदाच झाला, प्रश्न नेमका विचारायची सवय लागते. महिना थांबावं लागतं, म्हणून असे अर्ज जूनमध्येच टाकायचे.

डिसेंबरातलं बेळगावातलं विधिमंडळ अधिवेशन, वैशाखातल्या शिवजयंतीचे चित्ररथ, कडोली-येळ्ळूरची साहित्य संमेलनं, हे दरवर्षीचं आहे, त्याच्या तारखा वहीत आधीच लिहून ठेवतो. तिथं एकच सांगणं, स्टेजकडं पाठ करून उभा राहा.

गेल्या शनिवारी पहिल्या वर्षाचा एक मुलगा आला, वडगावचा, विणकरांच्या गल्लीतला. तासभर गप्प बसला. सगळी उठल्यावर म्हणाला, अक्का, मला आता रात्री झोप येत नाही, शेजारचे माग बंद झालेत, लहानपणापासून त्या खटखटीतच झोपलोय. मी विचारलं, मग ते माग गेले कुठं. त्याला माहीत नव्हतं. थोडा विचार करून म्हणाला, भंगारवाल्याला माहीत असणार, तो किलोवर घेतो, त्याच्याकडं वजनाची वही असते.

काल त्याचा मेसेज आला, भंगारवाला वही दाखवायला तयार झालाय पण दुपारी जेवायच्या वेळेलाच ये म्हणालाय. तिसऱ्या पानावर त्याच्यासाठी जागा मोकळी ठेवलीय.