तुम्ही विचारलंत म्हणून: एवढा रोड टॅक्स भरून ही जुनी गाडी ठेवता कशाला?

"दोन-अडीच हजार पौंडांची गाडी आणि तिच्यावर वर्षाला साडेसातशेच्या वर रोड टॅक्स? विकून का टाकत नाही?" माझ्याकडे २००७ सालची माझदा आरएक्स-८ आहे हे कळलं की हा प्रश्न येतोच. इथले मित्र विचारतात, मामा पुण्याहून फोनवर विचारतो आणि वर "चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला" हेही ऐकवतो. मामाचं आश्चर्य मला समजतं. महाराष्ट्रात खासगी गाडीचा कर घेतानाच एकरकमी भरला की पुढची पंधरा वर्षं त्याच्याकडे बघावं लागत नाही. ब्रिटनमध्ये तो दरवर्षी भरायचा असतो, आणि कोणत्या गाडीला किती, हे बरंचसं तिची पहिली नोंदणी नेमकी कोणत्या तारखेला झाली यावर ठरतं. तर आता विचारलंतच म्हणून जरा सविस्तर सांगते.

मार्च २००१ ते मार्च २०१७ या काळात नोंदलेल्या गाड्यांचा कर त्या किलोमीटरमागे किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतात यावर बसतो. ए ते एम असे तेरा गट आहेत. सुरुवातीला वरचा गट बराच सौम्य होता. मग २००६ च्या अर्थसंकल्पात २२५ ग्रॅमच्या वरच्या गाड्यांसाठी नवा, महाग गट आला. तो लागू झाला २३ मार्च २००६ पासून पुढे नोंदलेल्या गाड्यांना. त्याआधीच्या गाड्यांचा धूर कितीही असो, त्यांना आज के गटापेक्षा वर चढवत नाहीत. २००८ मध्ये अर्थमंत्री ॲलिस्टर डार्लिंग यांनी ही मुभा काढून घ्यायचं ठरवलं होतं. लोकांनी आधीच घेतलेल्या गाड्यांवर मागाहून कर लावताय, अशी मोठी ओरड झाली आणि तो बेत सोडून द्यावा लागला. तो सोडला हे चांगलंच झालं. पण त्यामुळे २३ मार्च ही तारीख कायमची रेघ बनून राहिली.

या रेघेचा अर्थ काय, ते २०२५-२६ च्या दरांत बघा. के गट ४३० पौंड. २२६ ते २५५ ग्रॅमचा एल गट ७३५ पौंड. २५५ च्या वरचा एम गट ७६० पौंड. आरएक्स-८ चं माझं मॉडेल २९९ ग्रॅमचं, म्हणजे सरळ एम. कर एकदम न भरता दरमहा डायरेक्ट डेबिटने भरला तर पाच टक्के जास्त लागतात, म्हणजे महिन्याला साडेसहासष्ट पौंड, वर्षाचे ७९८.

इथे नव्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरचा सालाचा आकडा वर्षातून दोनदा बदलतो. '०६' ची प्लेट १ मार्च २००६ ला सुरू झाली, म्हणजे रेघ पडण्याच्या तीन आठवडे आधी. त्यामुळे '०६' प्लेटच्या दोन आरएक्स-८ शेजारी शेजारी उभ्या केल्या, रंग एक, इंजिन एक, कारखाना एक, तरी एकीला ४३० आणि दुसरीला ७६० असं होऊ शकतं. फरक शोधायला बॉनेट उघडून उपयोग नाही. लॉगबुक उघडायचं, म्हणजे गाड्यांची नोंदणी ठेवणाऱ्या डीव्हीएलए या सरकारी संस्थेकडून येणारा तो व्ही-फाइव्ह-सी नावाचा कागद, आणि त्यात पहिल्या नोंदणीच्या तारखेवर बोट ठेवायचं. २० मार्च असेल तर सुटलात, २७ मार्च असेल तर नाही. जुन्या गाड्यांच्या जाहिरातींत रंगाच्याही आधी 'स्वस्त टॅक्सवाली' असं लिहिलेलं दिसतं ते याचमुळे. होंडा एस२००० चंही तेच. तिचा आकडा २३७ च्या आसपास आहे, म्हणून रेघेच्या अलीकडची के गटात आणि पलीकडची एल गटात.

एवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसले असते. माझं खरं दुखणं २०१७ मध्ये आहे. १ एप्रिल २०१७ पासून नोंदलेल्या गाड्यांना वेगळी पद्धत आहे. पहिल्या वर्षी धुराप्रमाणे जबर कर, म्हणजे २५५ ग्रॅमच्या वर असेल तर २०२५-२६ मध्ये ५,४९० पौंड. दुसऱ्या वर्षापासून मात्र सगळ्यांना एकच दर, २०२५-२६ मध्ये १९५ पौंड. गाडी ४०,००० पौंडांच्या वरची असेल तर पाच वर्षं वेगळा अधिभार, आणि तो संपला की पुन्हा १९५. आता २०१८ च्या मे महिन्यात नोंदलेली पोर्शे ९११ घ्या. तिचा अधिभार कधीच संपला. त्या दरांनी तिचा मालक वर्षाला १९५ देतो आणि मी माझ्या २००७ च्या माझदासाठी ७६०. पोर्शेवाल्याशी माझं काही वैर नाही, त्याने पहिल्या वर्षी आपला वाटा भरला असेल. पण आज ती गाडी तिसऱ्या-चौथ्या हातात गेली असली, तरी तो तिसरा-चौथा मालकही माझ्या जवळपास चौथ्या हिश्श्याने कर भरतो. याला कुठलंही धुराचं गणित लागू पडत नाही.

धुराचंच गणित करून बघू. माझी गाडी वर्षाला साधारण दोन हजार मैल चालते, म्हणजे ३,२०० किलोमीटर. २९९ ग्रॅमने गुणलं तर टनालाही थोडा कमी कार्बन डायऑक्साइड. २०१७ च्या आधी नोंदलेली १३० ग्रॅमची घरगुती गाडी कोणी रोज कामाला नेत असेल आणि ती वर्षाला बारा हजार मैल चालत असेल, तर ती अडीच टन सोडते. तिचा २०२५-२६ चा कर १६५ पौंड. मी तिच्या निम्म्याहून कमी धूर करते आणि साडेचार पटींहून जास्त भरते. कारण कर किलोमीटरमागच्या ग्रॅमवर आहे, आणि किलोमीटर किती झाले हे कोणी विचारतच नाही. ते विचारणारा कर वेगळा आहे, पेट्रोलवरचा. २०२५ मध्ये लिटरला ५२.९५ पेन्स ड्यूटी होती, वर व्हॅट. माझ्या दोन हजार मैलांची ड्यूटी सव्वादोनशे पौंडांच्या आसपास जाते. ती भरताना मला कधी वाईट वाटलं नाही. जेवढं जाळलं तेवढं दिलं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. 'दरवर्षी वाढतो, दरवर्षी वाढतो' असं आम्ही जुन्या गाडीवाले म्हणतो, ते खरं आहे. एम गट २०१० मध्ये ४३५ पौंड होता, २०२५-२६ मध्ये ७६० झाला. पण ही वाढ मुख्यतः महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे झालेली आहे. कोणी खास आमच्यावर दात धरून दर वाढवलेले नाहीत. चटका बसतो तो वेगळ्या कारणाने. महागाईबरोबर कर वाढतो आणि जुन्या गाडीची किंमत उतरत जाते. ही गाडी नवी असताना ज्याने घेतली त्याच्यासाठी कर हा किमतीचा किरकोळ भाग होता. आज तो गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आहे. इंजिनाचं मोठं काम निघालं आणि त्याच महिन्यात कर भरायची वेळ आली, की माणूस भंगारवाल्याला फोन करतो. चालू शकणाऱ्या गाड्या अशाच जातात.

गाडीवरच्या कराने गाड्या बदलतात, हे ब्रिटनने फार पूर्वीच पाहिलेलं आहे. १९२१ पासून इथे अश्वशक्तीला एक पौंड असा कर होता, आणि ती अश्वशक्ती मोजायचं सूत्र फक्त सिलिंडरचा व्यास आणि सिलिंडरची संख्या बघायचं. पिस्टन किती लांब धावतो याचा त्यात हिशेबच नव्हता. मग इथल्या इंजिनिअरांनी काय केलं? सिलिंडर अरुंद केले आणि पिस्टनची धाव लांबवली. रुंद सिलिंडरांची फोर्ड मॉडेल टी या कराखाली महाग पडली, आणि १९२२ मध्ये आलेली छोटी ऑस्टिन सेव्हन घराघरांत पोचली. तिच्या नावातला सात हा त्याच कराच्या अश्वशक्तीचा सात. एक सूत्र एका देशाच्या इंजिनांचा आकार पंचवीस वर्षं ठरवत राहिलं, आणि १९४८ मध्ये सरसकट दहा पौंडांचा कर आला तेव्हा कुठे ते संपलं.

म्हणजे कर नव्या गाडीला वळण लावू शकतो, आणि ते मला मान्यच आहे. शोरूममध्ये उभ्या असलेल्या माणसाला ५,४९० चा आकडा दिसला तर तो दुसरी गाडी घेईल. पण माझ्या गाडीचं इंजिन वीस वर्षांपूर्वी ओतून झालंय. दर कितीही चढवला तरी २९९ चे २९८ होणार नाहीत. आता तो कर एकच काम करू शकतो, गाडी भंगारात धाडण्याचं.

आणि ही गाडी भंगारात जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. आरएक्स-८ मध्ये रोटरी इंजिन आहे. पिस्टन नाहीत, व्हॉल्व्ह नाहीत. फुगीर बाजूंच्या त्रिकोणासारखे दोन रोटर अंडाकृती घरात फिरतात, आणि सगळं मिळून भरतं जेमतेम १.३ लिटर. तरीही ते इंजिन मिनिटाला ९,००० फेऱ्यांपर्यंत चढतं, आणि चढताना हादरत नाही. नुसता आवाज घट्ट होत जातो. युरोपात ही गाडी २०१० नंतर विकली गेली नाही, कारण पुढच्या प्रदूषण नियमांत तिला बसवता आलं नाही. ज्या झाल्या त्या झाल्या. तिला सांभाळणं हे कामही मला आवडतं. ती रचनेनेच थोडं तेल पिते, म्हणून दर दोन-तीन टाक्यांना डिपस्टिक काढून बघायची. थंड इंजिन सुरू करून लगेच बंद केलं तर पेट्रोल साचून ते अडतं, म्हणून गाडी नुसती अंगणात पुढेमागे करायची असली तरी गरम होईपर्यंत चालू ठेवायची. चार प्लग आणि चार कॉइल वेळेवर बदलल्या की निम्मी दुखणी येतच नाहीत. हे सगळं मी इथेच, याच गाडीवर शिकले.

हिवाळ्यात ती रस्त्यावर नसते. बर्फाच्या दिवसांत इथे रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते दारांखालचा पत्रा खातं. तेव्हा सॉर्न करायचं, म्हणजे गाडी रस्त्यावरून काढली असं डीव्हीएलएला कळवायचं. उरलेल्या पूर्ण महिन्यांचा कर परत मिळतो. नोव्हेंबर ते मार्च गाडी अशी ठेवली तर तीनशेच्या वर पौंड वाचतात. पण यात एक मेख आहे. सॉर्न केलेली गाडी खासगी जागेतच उभी हवी. माझ्या घराला अंगण आहे, म्हणून जमतं. फ्लॅटमध्ये राहून रस्त्यावर गाडी लावणाऱ्या पोराला ही सवलत मिळतच नाही. 'स्पोर्ट्स कारवाले म्हणजे पैसेवाले' असं म्हणणाऱ्यांनी या पोरांकडे एकदा बघावं. गॅरेजात काम करणारी, पहिल्या पगारातून जुनी निसान ३५०झेड घेतलेली, रविवारी जमिनीवर आडवं पडून स्वतः सायलेन्सर बदलणारी. त्या २०१८ च्या ९११ वाल्यापेक्षा जास्त कर हीच पोरं भरतात.

माफी हवी असेल तर चाळीस वर्षांची वाट बघायची. ब्रिटनमध्ये चाळिशी उलटलेली गाडी ऐतिहासिक ठरते आणि तिचा कर शून्य होतो. २०२५ च्या एप्रिलपासून १९८५ पूर्वी बनलेल्या गाड्या त्यात आल्या. त्याच हिशेबाने माझ्या गाडीची पाळी एप्रिल २०४८ मध्ये येईल. तोवर दर आजचाच राहिला असं धरलं तरी गाडीच्या कैकपट पैसे करात गेलेले असतील. मधल्या वीस-पंचवीस वर्षांच्या गाड्यांकडे कोणाचंच लक्ष नाही. त्या ना नव्या, ना ऐतिहासिक.

मला विचाराल तर उपाय सरकारने स्वतःच मांडून ठेवला आहे. २०२५ च्या नोव्हेंबरमधल्या अर्थसंकल्पात विजेच्या गाड्यांसाठी एप्रिल २०२८ पासून मैलाला ३ पेन्स कर जाहीर झाला. म्हणजे मैल मोजता येतात हे मान्य झालं. तसेही ते एमओटीत, म्हणजे गाडीच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीत, लिहून घेतलेच जातात. मग आम्हालाही मैलावर लावा. दर विजेच्या गाडीच्या तिप्पट लावा, चौपट लावा. १२ पेन्स धरले तरी दोन हजार मैलांचे २४० पौंड होतात, आणि हीच गाडी रोज पन्नास मैल दामटणाऱ्याला आजच्यापेक्षा जास्त पडेल. ते योग्यच होईल. निदान २३ मार्चची रेघ पुसून के, एल आणि एम यांच्यामधली ही दरी तरी कमी करा.

तर मामा, विकत नाही. कॉम्प्रेशन टेस्टचे, म्हणजे इंजिनातला दाब मोजणाऱ्या चाचणीचे, आकडे दोन्ही रोटरना अजून चांगले आहेत, आणि ते चांगले आहेत तोवर मी मार्चअखेर सॉर्न उठवून कर भरणार. आणि तुमच्यापैकी कोणी इथे अशी गाडी घ्यायच्या विचारात असेल तर दोन गोष्टी बघा. बयाणा देण्याआधी लॉगबुकातली पहिल्या नोंदणीची तारीख स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, विकणाऱ्याच्या तोंडी हिशेबावर जाऊ नका. आणि आधीच्या मालकाने भरलेला कर आता गाडीबरोबर तुमच्याकडे येत नाही, २०१४ च्या ऑक्टोबरपासून ते बंद झालं. तुम्हाला चालू महिन्याच्या सुरुवातीपासून भरावा लागतो, म्हणून शक्यतो महिन्याच्या एक-दोन तारखेला गाडी ताब्यात घ्या.