नावातला ङ

२८ मे २०२५ ची रात्रपाळी आवरत आली होती. डाक आवृत्ती केव्हाच छपाईला गेली होती, शहर आवृत्तीचे देश-विदेशचे पान तेवढे सोडायचे राहिले होते, आणि अशा वेळी वृत्तसंस्थेची कॉपी आली, की केनियाचे लेखक आणि प्राध्यापक न्गुगी वा थिओंगो यांचे अमेरिकेत वयाच्या ८७ व्या वर्षी निधन झाले. कॉपी अर्थातच इंग्रजीत होती. त्यांच्या नावातील दोन स्वरांच्या डोक्यावर जी चिन्हे असतात, ती आमच्या जुन्या सॉफ्टवेअरला पेलली नाहीत आणि त्या स्वरांच्या जागी दोन प्रश्नचिन्हे उमटली. ज्या माणसाने आयुष्यभर आपल्या भाषेसाठी भांडण मांडले, त्याच्या मृत्यूची बातमी त्याच भाषेची अक्षरे गाळून माझ्यासमोर आली होती.

वृत्तसंपादकांनी खुर्चीतूनच सांगितले, "चारशे शब्द, एक फोटो, आणि मथळ्यात नोबेल घ्या. दर वर्षी नाव यायचे ना त्यांचे?" चूक त्यांची नव्हती, कॉपीचा पहिला परिच्छेदही तेच सांगत होता. पण पत्रकारितेत येण्याआधी मी चार वर्षे एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर इंग्रजी साहित्य शिकवले आहे. माझ्या स्वतःच्या एम.ए.च्या दोन वर्षांत अभ्यासाला एकही मराठी पुस्तक नव्हते आणि त्यात काही वावगे आहे, असे मला तेव्हा वाटलेही नव्हते. ते पहिल्यांदा जाणवून दिले ते याच गृहस्थांनी, म्हणून न मिळालेल्या पारितोषिकाने त्यांची बातमी सुरू करणे मला रुचेना.

मी म्हटले, "सर, यांनी विद्यापीठातला इंग्रजी विभाग बंद करा म्हणून टिपण दिले होते." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "स्वतः इंग्रजी शिकवत असताना? मग तेच घ्या वर. वीस मिनिटे आहेत तुमच्याकडे."

ते टिपण २४ ऑक्टोबर १९६८ चे. नैरोबी विद्यापीठात शिकवणाऱ्या तिघांनी, म्हणजे न्गुगी, हेन्री ओवूर-अन्युंबा आणि तबान लो लियोंग यांनी, ते मिळून लिहिले होते. एखाद्या संस्कृतीचा सलग अभ्यास हवाच असेल तर तो आफ्रिकेचा का नको, आणि मग इतर साहित्ये तिच्या संदर्भात का शिकवू नयेत, असा त्यांचा रोकडा सवाल होता. मौखिक परंपरेला, म्हणजे कहाण्या, गाणी, म्हणी यांना, त्यांनी अभ्यासाच्या गाभ्याशी ठेवले. पुढे तिथे इंग्रजी विभागाच्या जागी साहित्य विभाग आला आणि न्गुगी त्याचे प्रमुख झाले. अभ्यासक्रमातले एखादे पुस्तक बदलायलासुद्धा किती बैठका लागतात हे ज्याने पाहिले आहे, त्यालाच हे किती मोठे काम होते ते कळेल.

बाकीचे आयुष्य मला भराभर उरकावे लागले. १९३८ मध्ये लिमुरूजवळच्या कामिरिथू येथे जन्म. शाळेत गिकुयू ही मातृभाषा बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात 'मी गाढव आहे' अशी पाटी अडकवली जाई, ही त्यांनीच लिहून ठेवलेली आठवण. मग युगांडातील कंपालाचे मकेरेरे आणि इंग्लंडमधील लीड्स या विद्यापीठांत शिक्षण. सुरुवातीच्या कादंबऱ्या इंग्रजीत आणि जेम्स न्गुगी या नावाने आल्या. जेम्स त्यांनी नंतर टाकून दिले. १९७७ मध्ये कामिरिथूच्या शेतकरी-कामगारांनी स्वतः बांधलेल्या उघड्या रंगमंचावर त्यांचे गिकुयू नाटक झाले, आणि काही आठवड्यांतच त्यावर बंदी आली. सरकारवर टीका करणारी त्यांची इंग्रजी कादंबरीही त्याच वर्षीची; पण वर्षअखेरीस खटल्याविना जो तुरुंगवास नशिबी आला, त्याला हे गावकऱ्यांच्या भाषेतले नाटक कारण ठरले. कामिटीच्या तुरुंगात त्यांनी शौचालयाच्या कागदावर गिकुयूत कादंबरी लिहिली. सुटल्यावर विद्यापीठाने त्यांना पुन्हा घेतले नाही. १९८२ पासून ते परदेशातच राहिले आणि २००२ पासून कॅलिफोर्नियात अर्व्हाइनच्या विद्यापीठात शिकवत होते.

मजकूर झाला, पण नावाचे काय करायचे? गिकुयूतील चिन्हांकित यू हा आपल्या ओच्या आणि चिन्हांकित आय हा एच्या जवळ जातो. म्हणजे उच्चार 'ङ्गोगे'सारखा. आडनावातील 'एनजी'नंतर स्वल्पविराम वर टांगलेला असतो, त्यामुळे तिथे ग उरतच नाही, निखळ ङ राहतो: थिओङो. जे अक्षर आपण मुळाक्षरांत घोकतो आणि पुढे विसरतो, ते या नावात दोनदा होते.

पान लावणारे काका म्हणाले, "ङ आहे की आपल्याकडे. रविवारच्या पुरवणीत 'वाङ्मय' लागते ना, त्याची की माझ्या बोटात आहे." त्यांनी ते एका झटक्यात काढून दाखवले. पहिल्या खेपेला शेजारचा ठिपका गळून 'थिओडो' झाले, जसे 'वाङ्मय'चे हमखास 'वाड्मय' होते तसेच. दुसऱ्या खेपेला बरोबर आले. पहिले नाव वाचकांना ओळखता यावे म्हणून वृत्तसंपादकांनी 'न्गुगी'च ठेवायला लावले, आणि ते मला पटले. आडनाव मात्र थिओङो गेले. मथळ्यात नोबेल नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका ज्येष्ठ वाचकांचा फोन आला. आपल्या अंकात ड च्या बाजूला शाईचा ठिपका पडला आहे, छपाईकडे लक्ष द्या, असे त्यांनी बऱ्याच तिखटपणे सुनावले. तो ठिपका अक्षराचाच आहे आणि ते अक्षर वाङ्मयातले आहे, असे सांगितल्यावर ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "असं होय. मग म्हणायचं कसं हो हे?" मी म्हणून दाखवले. पलीकडून त्यांनी दोनदा म्हणून पाहिले, दुसऱ्यांदा बरेच जमले.